गच्ची कुणाची, बिबड्यांची की पॅनलची?

पत्र थोडक्यात असं: अमळनेरच्या एका शिक्षिका लिहितात. वय अडतीस, शाळेत विज्ञान शिकवतात. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा, दोन मुलं आणि त्या. त्यांना गच्चीवर सौर पॅनल बसवायचे आहेत. नवराही तयार आहे, पण त्याला ५ किलोवॉटचे हवेत, कारण "वीज फुकटच मिळणार, मग दोन एसी घेऊन टाकू." सासूबाई गच्ची सोडायला तयार नाहीत. उन्हाळ्यात तिथे बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया वाळतात आणि मे महिन्यात सगळं घर रात्री तिथेच अंथरूण टाकतं. सासरे, घरातले नाना, भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रातून निवृत्त झालेत. त्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "हाई घर कोयसावर उभं शे." तेव्हापासून विषय निघाला की ते उठून ओट्यावर जाऊन बसतात. सोबत वर्षभराची बिलं आहेत: डिसेंबरात १७० युनिट, मे महिन्यात ५२०, सरासरी २९०. बाई विचारतात, "वर्गात मुलांना नवीकरणीय ऊर्जा शिकवते आणि स्वतःच्या घरात ती आणता येत नाही, याची लाज वाटते. कर्ज काढून, सगळ्यांशी वाकडेपणा घेऊन हे करावं का? आणि एका घरानं असा काय फरक पडतो?"

ताई,

पत्र दोनदा वाचलं. सासूबाई गच्चीबद्दल बोलतायत, तुमचे मिस्टर उकाड्याबद्दल बोलतायत, नाना स्वतःच्या नोकरीबद्दल बोलतायत आणि तुम्ही लाजेबद्दल. विजेबद्दल घरात अजून कुणी बोललेलंच दिसत नाही. म्हणून आधी तिकडे वळू या, गच्चीवर नंतर जाऊ.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज तयार करायला आपल्याकडचा कोळसा साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतो. तुमचं घर महिन्याला सरासरी २९० युनिट वापरतं, म्हणजे ती सगळी वीज कोळशाची धरली तर दर महिन्याला दोन क्विंटल कोळसा. अमळनेरमध्ये क्विंटल म्हटलं की कापूस डोळ्यांसमोर येतो. कापसाऐवजी कोळशाची दोन पोती दर एक तारखेला तुमच्या ओट्यावर उतरवली जातायत असं समजा. फरक पडतो की नाही, हे त्या पोत्यांकडे बघून तुम्हीच ठरवा. जगाचं तापमान तुमच्या गच्चीवरून उतरणार नाही, पण दोन क्विंटल म्हणजे काहीच नाही असंही नाही.

आता नाना. तुम्ही त्यांना विरोधकांच्या रांगेत उभं केलंय. मला ते पटलं नाही. दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथे रात्रपाळ्या केलेला माणूस विजेबद्दल जे जाणतो ते आपण दोघी पुस्तकातून जाणतो. त्याच्या समोर घरात 'घाणेरडी वीज', 'स्वच्छ वीज' अशी भाषा रोज चालली तर तो ओट्यावर जाऊन बसणारच. आपल्या उभ्या आयुष्याच्या कष्टाला सुनेनं घाणेरडं म्हटलं, एवढंच त्यांना ऐकू आलं असेल. तुम्ही तसं म्हणाला नसाल, तरी ऐकू तेच आलं असेल. खान्देशात ज्या वर्षांत घराघरांत दिवे लागले, त्या वर्षांत ते याच कोळशावर लागले. हे मान्य करायला काहीच हरकत नाही. ते मान्य करूनही पुढचे दिवे दुसऱ्या कशावर लावायचे, असा विचार करता येतो.

त्यांना एक प्रश्न विचारून बघा: "नाना, दुपारी सूर्याची वीज भरपूर आली की दीपनगरचा संच बंद करून संध्याकाळी परत चालू करता येतो का?" मला वाटतं ते ओट्यावरून आत येतील. कारण उत्तर मोठं आहे. बॉयलर म्हणजे घरातली ट्यूबलाइट नव्हे. तो थंड झाला की पुन्हा पेटवून संच पूर्ण भारावर यायला तास न् तास जातात. म्हणून दुपारी संच मंद करतात, अगदी बंद करत नाहीत. आणि सूर्य मावळला की, नेमके तेव्हाच, घराघरांत दिवे, टीव्ही, कूलर, मिक्सर सगळं एकदम सुरू होतं. २०२५ मध्ये देशातल्या वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेत कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. यातलं कोडं तुम्ही वर्गात घालू शकता: क्षमता निम्मी, मग वीज निम्मी का नाही?

याचा तुमच्या घराशी संबंध असा. नेट मीटर, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, बसल्यावर तुमचे पॅनल दुपारी वीज बाहेर देतील आणि रात्री तुम्ही ती परत घ्याल. कागदावर हिशोब शून्य. पण रात्री नऊ वाजता तुमच्या कूलरला जी वीज मिळते ती दुपारी तुम्ही दिलेली नसते. तिच्यातला मोठा भाग कुठल्या तरी बॉयलरमधूनच आलेला असतो. पॅनल बसवले की आपण कोळशातून सुटलो, हा समज म्हणून थोडा बाजूला ठेवा. वीज किती वापरतो याच्या इतकंच ती कधी वापरतो हेही महत्त्वाचं आहे. टाकी भरायची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, चटणी-मसाल्याचं दळण ही कामं सकाळी दहा ते चारच्या मध्ये आणता आली तर आणा. तुम्ही शाळेत असता हे मला कळतं, पण घरात दोन मोठी माणसं आहेत. नळाला पाणी आलं की मोटर लावावीच लागते, तेव्हा तो नियम सोडा. बिलात याचा फरक आज फारसा दिसणार नाही, हेही सांगून ठेवते. वेळेनुसार वेगळे दर कारखान्यांना कधीपासून आहेत. घरांपर्यंत ते आता कुठे येऊ लागलेत.

मिस्टरांच्या 'फुकट'कडे येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेच्या जाहिरातीत '३०० युनिट मोफत' असं असतं, आणि बऱ्याच घरांत त्याचा अर्थ सरकार ३०० युनिट देणार असा घेतला जातो. प्रत्यक्षात पॅनल आपण आपल्या पैशानं घेतो, सरकार अनुदान देतं. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे ३ किलोवॉटला ७८,०००. पाच किलोवॉटलाही तेच ७८,०००. वरच्या दोन किलोवॉटचा खर्च पूर्ण आपला. एक किलोवॉट आपल्याकडे महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतं. तुमच्या बिलाच्या मानानं ५ किलोवॉट जवळपास दुप्पट होतं. 'जास्तीची वीज विकू' असं ते म्हणतीलच, कारण सगळेच म्हणतात. इथे एक खाच आहे, आणि खान्देशात ती जास्त टोचते.

नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ती वही ३१ मार्चला बंद होते. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, तेही आपण ज्या भावानं वीज घेतो त्याच्या मानानं अगदी कमी. आता तुमची बिलं बघा. डिसेंबर-जानेवारीत तुम्ही १७० च्या आसपास वापरता, तेव्हा युनिट साठतात. ते कामाला येणार कधी, तर एप्रिल-मे मध्ये. आणि वही मिटते मार्चअखेर! हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्याला पुरत नाही. म्हणून मे महिन्याचं बिल हातात धरून पॅनलचा आकार ठरवू नका. वर्षाची सरासरी धरा, आणि ती सरासरी आधी खाली आणा.

खाली कशी? पंख्यांपासून सुरुवात करा. जुना पंखा ७५ वॉट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी विजेच्या नव्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. तुमच्यासारख्या घरात पाच पंखे दिवसाला बारा-बारा तास फिरत असतील, तर नुसत्या पंख्यांत महिन्याला ८० युनिट वाचतात. हा खर्च पंधरा हजारांच्या आत बसतो, त्याला कर्ज लागत नाही आणि सासूबाईंची गच्चीही लागत नाही. फ्रिज पंधरा वर्षांचा असेल तर त्याचा नंबर पुढचा. एवढं केलं की तुमची सरासरी २२० च्या आसपास यावी. मग २ किलोवॉटमध्ये काम भागतं. एसी घेतलाच तर ३. पाचचा विषय तिथेच संपतो. ३ किलोवॉटचा खर्च साधारण पावणेदोन-दोन लाख सांगतात, त्यातून ७८,००० अनुदान वजा. कर्ज लागलं तरी ते मानगुटीवर बसणारं नसेल. एक मात्र घरात आधीच सांगून ठेवा: बिल शून्य येत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. पहिल्या महिन्यात त्यावरून भांडण नको.

एसीबद्दल तुमच्या पत्रात नाराजी दिसली. मी थोडी वेगळी आहे. पारा ४५ वर गेला की सत्तरीच्या माणसाला रात्रीची झोप लागणं ही चैन राहत नाही. नानांच्या खोलीत एक पंचतारांकित इन्व्हर्टर एसी, २६ वर ठेवून वरून पंखा, यात मला काही गैर वाटत नाही. दोन एसी मात्र नकोत. आपला उन्हाळा कोरडा, आणि कोरड्या हवेत कूलर जितका चालतो तितका मुंबईत कधीच चालणार नाही. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाऊस जवळ आला, हवा ओली झाली की कूलर नुसता चिकचिक करतो. ते दहा-पंधरा दिवस एसीचे. शिवाय स्लॅबवर पांढरा रंग किंवा चुना मारून बघा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात जी आग ओततो ती बरीच कमी होते. गच्चीवर झोपायची वेळ का येते, त्याचं अर्धं उत्तर त्या स्लॅबमध्येच आहे.

आणि ऊन जास्त म्हणून वीज जास्त, हा आपल्या जिल्ह्यातला लाडका गैरसमज. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते, आणि मे महिन्याच्या दुपारी काच हात लावू नये इतकी तापलेली असते, ६५ अंशांच्या घरात. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. म्हणजे भर उन्हात सातवा हिस्सा गायब. हिवाळ्यातली स्वच्छ, थंड दुपार पॅनलला जास्त मानवते. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवू नका, खालून वारा खेळायला हवा.

आता गच्ची. सासूबाईंशी बोलण्याआधी टेप घेऊन वर जा. आजकाल पॅनल साडेपाचशे वॉटच्या आसपासचा असतो, साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. ३ किलोवॉटला असे सहा लागतात. म्हणजे काचेखाली गेली जेमतेम १७० चौरस फूट जागा, मधल्या फटी आणि ये-जा धरून थोडी जास्त. पॅनल गच्चीच्या उत्तर टोकाला बसवा, तोंड दक्षिणेला, कल वीस-एकवीस अंशांचा, कारण अमळनेर २१ अंश अक्षांशावर आहे. सावली पडली तर उत्तरेला, गच्चीच्या बाहेर पडेल. दक्षिणेची मोकळी गच्ची बिबड्यांची. मे अखेरीस तर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, तेव्हा बिबड्यांच्या ऐन दिवसांत पॅनलची सावली पॅनलखालीच राहते. हे सासूबाईंना तोंडानं सांगू नका. चार काठ्या आणि जुनं लुगडं घेऊन तेवढी जागा खरोखर झाकून दाखवा आणि उरलेल्या जागेत त्यांना अंथरुणं मोजू द्या. नाही पुरली तर उंच सांगाडा करून पॅनल डोक्यावर घेता येतात, खाली झोपता येतं. खर्च वाढतो, आणि एक धोका वाढतो: मे-जूनच्या वादळात ज्या वाऱ्यानं रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तोच वारा त्या पॅनलखाली शिरणार. सांगाडा स्लॅबमध्ये पक्का बसवला नसेल तर तो पतंग होतो.

जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी पॅनलच्या दक्षिणेला येत नाही ना, हे स्वतः बघा. मी नाही बघितलं. माझ्या जळगावच्या घरावर बसवणाऱ्यानं टाकीच्या मागे पॅनल लावले, मीही चहा देऊन मोकळी झाले. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला आणि दोन पॅनलवर टाकीची सावली रोज सकाळी पडू लागली. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळी माळ लंगडते. आठ महिने वीज कमी का येते याचा शोध घेत होते, मोबाइलवरचे आकडे बघत होते. शेवटी धुणं वाळत घालायला आलेल्या मावशींनी दाखवलं, "ताई, ती बघा सावली." मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. ठेकेदार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेलाच घ्या. अनुदान तुमच्या खात्यात थेट येतं, ते 'आम्हीच वजा करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचं संरक्षण डोळ्यांनी बघून घ्या. पॅनल सकाळी, काच थंड असताना धुवा. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं, त्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून फडक्यानं लगेच पुसा. आणि लाइट गेली की साधी सौर यंत्रणाही बंद पडते, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. तेव्हा घरातला जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी मोडीत काढू नका.

याच विषयावर शेतकऱ्यांचीही पत्रं आली आहेत, त्यांना इथेच दोन शब्द. पडीक किंवा मुरमाड जमीन विजेच्या उपकेंद्राजवळ असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ती भाड्यानं देता येते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. काळी कसदार जमीन मात्र पंचवीस-तीस वर्षं काचेखाली घालण्याआधी मुलांना विचारा. सौर पंप घेणाऱ्यांना रात्री विंचू-सापाच्या भीतीनं पाणी भरायला जावं लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मागेल त्याला सौर कृषीपंप योजनेत १० टक्केच रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५. मला भीती दुसरीच वाटते. वीज फुकट, ऊन रोज, मग मोटर बंद कोण करणार? केळीच्या पट्ट्यात विहिरी आधीच खोल गेल्यात. पंप सूर्याचा असला तरी विहीर तीच आहे. ठिबक आधी, पंप नंतर.

साक्रीकडे कधी गेलात तर ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या मुलांना दाखवून आणा. त्याच तालुक्यात २०१३ पासून १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्पही आहे. पावसाळ्यात ढगांनी सौर मंदावतं तेव्हा वारा जोर धरतो, एक निजला की दुसरा उठतो. आणि परत येताना दीपनगरला जाऊन या. नानांना पुढे बसवा, चिमण्या त्यांना दाखवू द्या.

शेवटी कामाचं. तुम्ही पाठवलेल्या बिलांवर ग्राहक म्हणून नाव नानांचं आहे. म्हणजे अर्ज त्यांच्या नावानं जाणार, अनुदान त्यांच्या खात्यात येणार, सही त्यांची लागणार. त्यांना वगळून हे होणारच नव्हतं. सही लगेच मागू नका. दर तासाला लॉगशीट भरण्यात त्यांची नोकरी गेली आहे, तर एक तारखेपासून महिनाभर घराच्या मीटरचं वाचन रोज सकाळी, संध्याकाळी सहाला आणि रात्री अकराला लिहून ठेवायला त्यांना सांगा. मोटर, इस्त्री, कूलर कधी चालू होता तेही बाजूला लिहू द्या. महिन्यानंतर ती वही आणि गच्चीचं माप मला पाठवा. २ लागतील की ३, ते नानांच्या आकड्यांवरून ठरवू.